अंबाडीचे बी

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणाला माझा नातू पुण्याहून परळीला आला होता. सण आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी शेतावर गेलो. शेत गावापासून कोसभर. पाऊस नुकताच उघडला होता आणि काळी जमीन अजून पायाला लोण्यासारखी लागत होती. कापसाच्या रानाशी आलो तसा हा पोरगा बांधावरच थबकला. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि आवाज अगदी खाली आणून मला विचारले,

"आजोबा, हे काय लावलंय तुम्ही?"

मी म्हटले, "का रे? कापूस आहे, मध्ये तुरीची ओळ आहे."

"ते नाही. हे कडेने."

कडेने नेहमीप्रमाणे अंबाडीची दोन तासे होती. पुरुषभर उंच, सरळसोट, हिरव्यागार अंगाची. मी नाव सांगणार तोच त्याने खिशातला फोन काढून त्यावरचे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे धरले. हाताच्या बोटांसारखे पाच-सात भागांत चिरलेले, कडेने दातेरी असे एक पान त्यात होते. आणि खरे सांगायचे तर माझ्या अंबाडीचे पान आणि ते पान यांत डावे-उजवे करणे मलाही जड गेले असते. चित्र गांज्याच्या झाडाचे होते.

"1985 चा कायदा आहे, आजोबा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे."

या वयात दहा वर्षे म्हणजे सरकारचाच तोटा, असे मी त्याला म्हणालो. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटेना. शेवटी एक कोवळे पान खुडून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटले, "चावून बघ." त्याने भीतभीत दाताखाली धरले. आधी कपाळाला आठी पडली, मग आंबटपणाने एक डोळा मिटला. "काल नैवेद्याच्या ताटात जी भाजी तू दोनदा मागून घेतलीस, तिचेच हे भावंड," मी म्हणालो. "आणि पुरती खात्री हवी असेल तर दसऱ्यापर्यंत थांब. दिवस आखडू लागल्याशिवाय हिला फूल येत नाही. पण फूल आले, की सोंग उतरते."

पोरगा सुटकेचा श्वास टाकून पुढे चालू लागला. मी मात्र बांधावर जरा रेंगाळलो. या दोन तासांपायी माझ्या आयुष्यात एक चूक झालेली आहे. ती कुणाला ठाऊक नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

नातवाची फसगत झाली यात त्याचा दोष नाही. त्याच्याआधी लिनियसचीही नजर याच पानावर अडकली होती. 1759 साली त्या स्वीडिश पंडिताने अंबाडीचे शास्त्रीय नाव ठेवले ते 'हिबिस्कस कॅनाबिनस'. म्हणजे जास्वंदीच्या कुळातली, पण भांगेसारखी दिसणारी. पुढे इंग्रज आले. त्यांना जहाजांसाठी दोरखंड हवे असत आणि दोरखंड म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्याकडचे 'हेम्प', म्हणजे भांगेच्या जातीचे झाड. त्यामुळे ज्याचा म्हणून दोर वळता येतो ते प्रत्येक झाड त्यांच्या हिशेबी हेम्पच ठरले. आपला ताग हा 'सन हेम्प' झाला, फिलिपाइन्समधल्या एका केळीचा वाख 'मनिला हेम्प' झाला आणि आमची अंबाडी 'डेक्कन हेम्प' झाली. परळी तेव्हा निजामाच्या राज्यात. दख्खनचे नाव जगाच्या बाजारात नेणाऱ्या जिनसा मोजक्याच. त्यांत बांधावरच्या या गरीब झाडाचा नंबर लागावा याची मला अजूनही मौज वाटते.

मौजेची गोष्ट पुढेच आहे. ही दख्खनची म्हणवणारी अंबाडी मुळात दख्खनची नव्हेच. तिचे माहेर आफ्रिकेत. तिकडे ती अजून रानोमाळ आपोआप उगवते आणि सुदानच्या बाजूला माणसाने तिला प्रथम शेतात आणले असावे असे अभ्यासक मानतात. आमची ज्वारीही तिकडचीच आणि बाजरीही तिकडचीच. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाने अंबाडीच्या भाजीशी ज्वारीची भाकरी खाल्ली, की त्याच्या ताटात निम्मी आफ्रिका येऊन बसते. आणि भांग? ती उलट इकडून तिकडे गेली. हिंदी महासागरावर मोसमी वाऱ्यांनी गलबते ये-जा करीत, त्यांतून ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. स्वाहिली भाषेत तिला आजही 'बांगी' म्हणतात. शब्दाला चिकटलेली भारताची माती अजून झडलेली नाही. एकीच्या बदल्यात दुसरी, असा हा सौदा कुणी ठरवून केलेला नव्हता. पण त्यात आम्ही नफ्यात राहिलो असे माझ्या आईचे मत झाले असते.

आता आईची गोष्ट.

आमच्या घरी अंबाडीची दोन बियाणी होती. एक वडिलांचे, एक आईचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांची अंबाडी शेताच्या कडेने असे. हिरव्या देठाची, चिरलेल्या पानांची, दोन पुरुष उंच जाणारी, चवीला बेताचीच. तिचे काम दोराचे. दसऱ्यानंतर फुलावर आली की ती कापायची, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दडपून ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांनी साल कुजून सुटी व्हायची. त्या दिवसांत ओढ्याकाठी जो वास सुटे, तो एकदा नाकात गेला की जन्मभर विसरू म्हटले तरी विसरत नाही. मग गुडघाभर पाण्यात उभे राहून अण्णा साल ओढून काढीत, धूत आणि वाळत घालीत. तो वाख उन्हात चांदीसारखा चमके. उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीत बसून त्याचे कासरे, दावी, शिंकी, मुसकी आणि विहिरीचा सोल, असे सगळे घरी वळले जाई. पोळ्याला आमच्या बैलांना विकतचा कासरा कधी लागला नाही, हे अण्णा चारचौघांत बोलून दाखवीत.

आईची अंबाडी परसात, न्हाणीच्या पाण्यावर. ती तांबड्या देठाची. पाने अखंड, विड्याच्या पानासारखी बदामी. उंची कमरेएवढी आणि फांद्या फार. हे बी आईने लग्नानंतर पहिल्या दिवाळीला गंगेपलीकडच्या आपल्या माहेराहून, पदराच्या गाठीत बांधून आणले होते. (आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी.) त्या पाल्याच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि मूठभर डाळ घालून ती घोटायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबिलीशेजारी हीच भाजी. अण्णांच्या अंबाडीची पाने आईने देवाला कधी दाखवली नाहीत.

या दोन अंबाड्यांवरून घरात दरसाल एक भांडण होई. परसातला पाला सरत आला, की आई किंवा तिच्या धाकाने आम्ही मुले शेतातल्या अंबाडीचे शेंडे खुडून आणीत असू. शेंडा खुडला की झाड फुटते, त्याला बगला येतात. भाजीला ते बरेच. पण फांदी आली की तिथे वाख तुटतो आणि लांब धागा मिळत नाही. अण्णा ओरडत, "शेंडा मोडला का दोराचं वाटोळं!" आई चुलीपुढून म्हणे, "दोर का पानात वाढू?" एकाला ती वाढू द्यायची होती, दुसरीला खुडायची होती. दोघांचेही बरोबर होते आणि म्हणूनच त्या भांडणाला शेवट नव्हता.

मी परभणीच्या कृषी महाविद्यालयात शिकायला गेलो आणि मला वाटू लागले, की या भांडणाचा निकाल शास्त्राने लावता येईल. कॉलेज 1956 साली निघालेले. मी तिथे होतो तेव्हा त्याच्या भिंतींनाही नव्याचा वास होता, मग आमच्या डोक्यांना का नसावा? मेंडेलच्या वाटाण्यांनी माझी झोप उडवली होती. त्यातच अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या नवराबायकोंनी बिहारात पुसा येथे अंबाडीवर केलेले काम माझ्या वाचनात आले. 1911 सालचे ते काम. देठाचा रंग आणि पानाचा आकार पाहून त्यांनी अंबाडीचे पाच प्रकार लावले होते. त्यात अखंड पानाचा, हिरव्या देठाचा, तांबड्या देठाचा असे सगळे होते. वाचताना मला आमचे परसू आणि आमचे शेतच छापून आल्यासारखे वाटले. सरकारलाही त्या काळी अंबाडी हवी होती. फाळणीत ज्यूटच्या गिरण्या कलकत्त्याला राहिल्या आणि ज्यूटचा बराचसा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला. पोत्यांसाठी धागा आणायचा कुठून, या विवंचनेत अंबाडीचा भाव वाढला होता. तिकडे अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडचा ज्यूट अडला, तेव्हापासून तिथले शास्त्रज्ञ क्यूबात आणि फ्लोरिडात अंबाडीच्या मागे लागले होते. तिथे तिच्यावर करपा पडला, म्हणून त्यांनी करप्याला दाद न देणारी वाणे काढली. 'एव्हरग्लेड्स 41' आणि 'एव्हरग्लेड्स 71' ही त्यांची नावे 1965 साली बाहेर आली. आकड्यांची ती नावे मला मंत्रासारखी वाटत. आपणही एक वाण काढावे, अण्णांच्या अंबाडीइतके उंच आणि आईच्या अंबाडीइतके आंबट. शेंडा खुडला तरी दोराला पुरे पडेल असे. नावही मनात ठरले होते. 'परळी 1.'

1966 च्या पावसाळ्यात मी अण्णांचे बी परसात आईच्या वाफ्यालगत लावले. आई म्हणाली, "हे कशाला घरात? ते रानातलं रानात बरं." मी हसण्यावारी नेले. दसऱ्याला दोन्हीकडे कळ्या धरल्या. अंबाडीचे फूल फिकट पिवळे आणि पोटाशी गडद लालजांभळा डोळा. पहाटे उमलते आणि दुपार होईतो मिटते, एवढेच त्याचे आयुष्य. म्हणून संकर करणाऱ्याने आदल्या संध्याकाळी जायचे, उद्या उमलणारी कळी हेरायची, पाकळ्यांचा बुरखा नखाने चिरायचा आणि मधल्या दांड्यावरचे परागकोश एक न विसरता चिमट्याने काढायचे. मग कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. मी आठ कळ्यांवर हे केले. तीन बोंडे धरली. बोंडावरच्या बारीक काट्यांनी बोटे दोन दिवस चुरचुरत होती आणि त्या चुरचुरण्याचाही मला अभिमान वाटत होता.

त्याच वेळी वाफ्यातले बाकीचे बी आईने नेहमीसारखे पुढच्या सालासाठी धरायला घेतले. तिने एकदा विचारले, "दोन्ही शेजारी हायेत. काही होत नाही ना?" मी कॉलेजचा. मी सांगितले, "अंबाडीचं फूल स्वतःच्याच परागांवर बी धरतं. मिसळत नाही." पुस्तकात तसे होते, पण 'बहुतेक' असा शब्दही होता. ज्या झाडावर मधमाश्या आणि भुंगे सकाळभर गुणगुणत असतात, त्याची थोडीबहुत फुले तरी परक्या परागांची होतातच. ते प्रमाण जागेजागी बदलते, शंभरात वीसपर्यंतही जाते. तो 'बहुतेक' मी आईला सांगितला नाही. उत्तर देताना मला घाई होती.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या संकराची पहिली पिढी उगवली. सगळी झाडे एकजात तांबड्या देठाची आणि चिरलेल्या पानांची! तांबडा रंग हिरव्यावर आणि चिरलेले पान अखंड पानावर मात करणार हे मला ठाऊक होते, तरी ते डोळ्यांनी पाहताना हरखून गेलो. दोन दिवसांनी आईने मला तिच्या वाफ्याकडे बोलावले. बदामी पानांच्या घोळक्यात मध्येच पाच-सात झाडे उभी होती. देठ तांबडे, पान चिरलेले.

"हे कुठून आलं रे?"

मी बसलो, पाहिले आणि मला कळले. कळले, आणि लाज वाटण्याऐवजी आनंद झाला. माझ्या प्रयोगाला फुकटात आणखी झाडे मिळाली होती. आई ती उपटायला वाकली, तसा मी तिचा हात धरला. "राहू दे माय. मला मोजायचीत."

आईने हात मागे घेतला. "राहू दे मग," एवढेच म्हणाली.

1968 मध्ये दुसरी पिढी. चौसष्ट झाडे मी जपली, मोजली. तांबडी-चिरलेली सदतीस, तांबडी-अखंड तेरा, हिरवी-चिरलेली अकरा, हिरवी-अखंड तीन. नऊ-तीन-तीन-एक! मेंडेल परसात येऊन उभा राहिला असता तर मी त्याला पाट मांडला असता. पण उंची आणि आंबटपणा काही असे खान्यांत बसेनात. एक उंच, पण चवीला कडसर. एक आंबट, पण वीतभरावर फुटलेले. बहुतेक सारी मधलीच, ना भाजीची ना दोराची. या गुणांमागे एकदोन नव्हे, पुष्कळ घटक असतात. पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी तेव्हा कुठे हजारात एखादे हाती लागते, हे मला पुस्तकातून माहीत होते. हजार झाडांना परसू कुठले पुरणार? मी लाल अंबाडीशीही संकर करून पाहिला. जिच्या लाल बोंडांचे सरबत करतात ती ही अंबाडी. त्याचे बी पुढे चाललेच नाही. एकीच्या पेशीत छत्तीस गुणसूत्रे, दुसरीच्या पेशीत बहात्तर; त्यांची गाठ बसायची कशी? मग वर्षभराने मला परळीतच शाळेत नोकरी लागली. लग्न झाले. 'परळी 1' वहीत राहिले.

आईचा वाफा मात्र आता पूर्वीचा राहिला नव्हता. अर्धी झाडे चिरलेल्या पानांची, भाजीला चव उतरलेली. दोन वर्षे तिने उपटून पाहिले. पण जे बाहेरून बदामी दिसते त्याच्या पोटात काय आहे हे उपटणाऱ्या हाताला कसे कळणार? मग 1972 चा दुष्काळ आला. न्हाणीचे पाणीही जनावरांना जाऊ लागले. त्या साली वाफा पेरला नाही आणि नंतर बी उगवले नाही. मी ते दुष्काळाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो.

त्याच सुमाराला गावाचेही रूप पालटत होते. 1971 साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच चालू झाला, विहिरीवर मोटेच्या जागी मोटर बसली आणि सोलाचे काम उरले नाही. बाजारात नायलॉनचा कासरा आला. निळा, पिवळा, न कुजणारा. अण्णांनी एकदा तो हातात घेऊन पीळ उलगडून पाहिला आणि म्हणाले, "बैलाच्या मानेला कापंल हे." पण त्यांनीही पुढे तोच आणला. 1981 साली अण्णा गेले. शेताच्या कडेची अंबाडी मी सवयीने लावीत राहिलो. कशासाठी, ते मलाही सांगता आले नसते. 1987 साली कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डचे एक दैनिक एका दिवशी अंबाडीच्या कागदावर छापले, हे वाचले तेव्हा ते अण्णांना सांगायला हवे होते असे वाटले. 1994 साली आई गेली. तिने त्या बियाबद्दल मला कधीही एक शब्द विचारला नाही. तो तिचा विसरभोळेपणा, असे मी धरून चाललो.

मध्यंतरी जुन्या काळच्या गांज्याच्या शेतीविषयी वाचण्यात आले. खांडव्याकडे आणि बंगालात राजशाहीजवळ नौगावला ही शेती सरकारी परवान्याने होत असे. 1893-94 साली नेमलेल्या आयोगापुढे तिची सारी हकीकत नोंदवली गेली. भांगेत नर झाड वेगळे आणि मादी वेगळी. मादीवर नराचे पराग पडले की बी धरते आणि माल उतरतो. म्हणून फुले येण्याआधी जाणती माणसे शेतातून फिरून नर झाडे हेरून उपटीत. साहेबलोक त्यांना गांज्याचे डॉक्टर म्हणत. एक नर चुकून राहिला तर शेत बिघडते, हे त्या माणसांना कुठल्या कॉलेजाने शिकवले होते? वाऱ्यावर काय काय उडत असते ते त्यांना ठाऊक होते. आईलाही ठाऊक असावे. नाहीतर 'रानातलं रानात बरं' असे ती का म्हणाली असती?

दोन वर्षांपूर्वी गंगेपलीकडे मामाच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. मामा-मामी केव्हाच गेले; घर आता मामेबहीण पाहते. तीही सत्तरीची. जेवायला बसलो. पानात भाजी आली. पहिला घास घेतला आणि हात तसाच राहिला. चवीला स्मरण असते म्हणतात, ते पन्नास वर्षांनी एका घासात कळले.

"ही अंबाडी कुठली गं?"

"परसातली. दाखवू का?"

परसात तांबड्या देठाची, बदामी पानांची, कमरेएवढी झाडे होती. एकही पान चिरलेले नाही.

"तुमच्याकडे हे बी राहिलं म्हणायचं," मी म्हणालो. "आमचं गेलं बघ. दुष्काळात."

बहीण म्हणाली, "आमचं कुठलं, दादा? आमच्या घरचं तर आधीच सरलं होतं. हे आत्यानंच आणून दिलेलं. तुम्ही परभणीला शिकायला होता तवा. दिवाळीला आली आन गाडग्यातलं जुनं बी समदं घेऊन आली. मनली, पोरगं प्रयोग करायलंय, तवर तुझ्याजवळ असू दे. दुसऱ्या अंबाडीजवळ लावू नको."

मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "मग मी एकदा मनले, आत्या, आता घेऊन जा की थोडं. तर मनली, नको. त्याला वाटंल आपल्यानं बिघडलं. हितं आली की खाईन मी. आन खायची की. येईल तवा पहिली हीच भाजी मागायची."

येताना तिने मूठभर बी बांधून दिले. माझ्या खिशाला पदर नाही, रुमालात बांधले.

गेली दोन वर्षे ते परसात आहे. शेतातल्या अंबाडीपासून कोसभर दूर. नातवाने दोनदा मागून घेतलेली भाजी त्याचीच. तरी भुंग्यांचा भरवसा मी आता धरीत नाही. दसऱ्यानंतर रोज संध्याकाळी मी वाफ्यात बसतो आणि उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधतो. बांधलेली कळी उमलत नाही, आत कुणी जात नाही, आणि तिचे बी तिचेच राहते. बियापुरत्या तीस-चाळीस कळ्या बांधल्या की पुरे. शिवणाचा दोरा ओला होऊन सुटतो असे पहिल्या वर्षी दिसले. यंदा शेतातली चार झाडे कापून हौदात भिजवली आणि त्यांचा वाख काढला. त्याची गाठ पक्की बसते.

परवा पुण्याहून फोन आला. "आजोबा, फूल आलं का?"

"आलं," मी म्हटले. "पिवळं आहे. आत लाल डोळा. निर्धास्त राहा."

मी फोनवर बोलत होतो तेवढ्यात सौभाग्यवती टोपली घेऊन वाफ्यात शिरल्या आणि शेंडे खुडू लागल्या. "अहो, बांधलेल्या कळ्या सोडून खुडते हो," त्यांनी तिथूनच सांगितले. मी मान हलवली. दोरा हातात होता आणि उजेड जात चालला होता, म्हणून पुढच्या झाडाकडे सरकलो.